चौथ्या पिढीचा आय-५ : दुरुस्ती की बोर्डच बदलायचा?

प्रश्न : दादरच्या एका हिशेबनिसांच्या ऑफिसातला डेस्कटॉप आलाय. इंटेलचा आय-५ ४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमची ४ जीबीची एकच स्टिक, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. मध्येच गोठतो, तारीख रोज मागे जाते. काम टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीचं. दुरुस्त करून देऊ की नवा बोर्ड सुचवू?

प्रतिसाद १ : आधी डिस्क बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर), सी६ (दुरुस्त न होणारे) या ओळी तपासा. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा. सी५ शून्याच्या वर असेल तर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) मुळीच चालवू नका, खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचताना डिस्क पूर्ण बसू शकते. टॅलीचा डेटा फोल्डर पहिला बाहेर काढा. अशा डिस्कचं क्लोनही (हुबेहूब प्रत) नको, बिघडलेल्या सिस्टिम फाइली तशाच नव्या डिस्कवर येतात. तारखेसाठी बोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी बदला. घड्याळ चुकलं की ब्राउझर सर्टिफिकेट नाकारतो आणि गिर्‍हाइकाला वाटतं जीएसटीचं पोर्टलच बंद आहे. बॅटरी बदलल्यावर बोर्डाच्या सेटिंगमध्ये साटा मोड (डिस्क जोडणीची पद्धत) एएचसीआय करा, मगच नव्या डिस्कवर विंडोज टाका.

प्रतिसाद २ : डिस्क चांगली निघाली तर रॅम काढून सोनेरी पिना खोडरबराने पुसा. मुंबईच्या दमट हवेत तिथे थर धरतो, गोठण्याचं ते नेहमीचं कारण. मग मेमटेस्टचा (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) एक पूर्ण फेरा. एसएमपीएसची (वीजपुरवठ्याचा डबा) १२ व्होल्टची लाइन लोडवर ११.४ च्या खाली जाता कामा नये.

प्रतिसाद ३ : हे सगळं बरोबर, पण विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. आडवाटेने टाकता येतं, पण लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील असलेल्या मशीनवर ते करू नये. म्हणून खर्च पुढे उपयोगी पडेल अशाच भागावर करा. हार्ड डिस्कऐवजी बसणारी अडीच इंची साटा एसएसडी उद्या नव्या बोर्डालाही लागेल, डीडीआर३ रॅम लागणार नाही. ती रॅम लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जुनी मिळाली तरच घ्या. बोर्ड बदलायचा म्हणजे प्रोसेसर, रॅम, बहुधा कूलरही आलाच, कारण जुन्या एलजीए ११५० आणि नव्या १७०० सॉकेटची (प्रोसेसर बसतो ती जागा) कूलरची भोकं जुळत नाहीत. आणि जुनं मशीन चालू आहे तोवर टॅलीचं लायसन्स सरेंडर करून घ्या, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या, ते नव्यावर चालू करता येईल.

प्रश्नकर्ता : सी५ ला ४८ दिसतंय. डेटा काढायला लावलाय. आता एसएसडी टाकतो आणि नव्या बोर्डाचं कोटेशन सोबत देतो.