छिद्रं पडतायत? आधी रॉड सुकवा

गेटच्या वेल्डिंगच्या जोडात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं का पडतात, या प्रश्नावर वर बहुतेकांनी करंट वाढवायला सांगितलंय. 3.15 मिमीच्या वेल्डिंग रॉडला 100-120 अँपिअर दिलेत ना? मग करंटला कशाला दोष द्यायचा! रॉड बघा. पावसाळ्यात फोडलेलं पाकीट तसंच पडून राहिलं की रॉडवरचं कोटिंग ओल धरतं. आर्कच्या, म्हणजे रॉड आणि लोखंडातल्या ठिणगीच्या, उष्णतेत त्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या लोखंडात अडकतो. गंज, रंग घासून काढलाय ना, तेही एकदा बघून घ्या.

6013, म्हणजे ग्रिल-गेटचा साधा रॉड, शंभर-एकशेदहा अंशांवर तासभर सुकवला की पुरे. जास्त भाजलात तर कोटिंगच बिघडतं. 7018 या कमी हायड्रोजनच्या रॉडला मात्र 300 ते 350 अंशांची भट्टी लागते, उन्हात ठेवून भागत नाही. पण ग्रिल-गेटला 7018 हवाच कशाला? जुन्या एसी ट्रान्सफॉर्मरवर तो नुसता चिकटत राहतो. डीसी मशीन, रॉड प्लस टोकाला जोडलेला, तेव्हा कुठे नीट चालतो. जाड प्लेट, भार घेणारा जोड असेल तिथे तोच वापरा. कारण तिथे हायड्रोजन अडकला तर काम थंड झाल्यावर कित्येक तासांनीही तडा जातो, वरून जोड कितीही झकास दिसो.