यॉर्कशायरमध्ये राहिलेल्यांचे अनुभव: गावातले, शहरातले

मंडळी, उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात यॉर्क मिन्स्टरचं चर्च असतं, बेटीजमधला चहा असतो आणि संध्याकाळची परतीची गाडी असते. इथे भाडं भरून, मुलं शाळेत घालून राहिलेल्यांनी लिहावं म्हणून हा धागा. कागदोपत्री या काउंटीचे आता चार भाग आहेत, तुमचा कुठलाही चालेल. गाव आणि साल तेवढं सांगा. पावसाबद्दल नाही लिहिलंत तरी चालेल.

ड्यूजबरी, १९९२

मी तेव्हा छातीच्या वॉर्डला होतो. पेशंट बहुतेक कोळशाच्या खाणीतले, नाहीतर चिंध्या पिंजून पुन्हा लोकर करणाऱ्या गिरण्यांतले. आयुष्यभराची धूळ फुप्फुसात. यॉर्कशायरच्या संघातून यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यानेच खेळायचं, हा त्यांच्या लेखी जवळजवळ धर्म. त्या वर्षी क्लबने पहिल्यांदाच परदेशी खेळाडू घ्यायचं ठरवलं. ऑस्ट्रेलियाचा मॅक्डरमॉट दुखापतीमुळे आला नाही आणि आला आपला १९ वर्षांचा सचिन. राहायला आमच्याच ड्यूजबरीत! मोसमाच्या आधी वॉर्डात नुसती कुरकुर. जूनपर्यंत तेच म्हातारे ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून विचारायला लागले, "डॉक्टर, तुमच्या पोराने आज किती केले?" जसा काही मीच त्याला सकाळी डबा देऊन पाठवत होतो. मोसमात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १०७० धावा झाल्या, पण शतक एकच. एकच का, याचा जाब मलाच द्यावा लागला.

ब्रॅडफर्ड, २०१४

युरोपने त्या वर्षी १ मेपासून हापूस बंद केला. मुहूर्तसुद्धा महाराष्ट्र दिनाचा. जूनअखेर इथल्या दुकानांत पाकिस्तानी चौशाच्या पेट्यांची थप्पी लागते. आमच्या रत्नागिरीच्या सासूबाईंनी आख्खी पेटी संपवली आणि म्हणाल्या, "बरा आहे." याच्या पलीकडे त्या बोलणं शक्यच नव्हतं.

स्वेलडेल, रीथजवळचं गाव, २०१७

बाबा राजापूरहून उन्हाळ्यात आले. दोन दिवस पाहुण्यासारखे बसले, तिसऱ्या दिवशी कुरणाच्या कडेची दगडी भिंत बघून म्हणाले, "अरे, हा तर गडगाच की!" या भिंतींचे फोटो सगळेच काढतात, बाबा मात्र तिला हात लावून तपासत होते. चुना नाही, सिमेंट नाही. दोन्ही बाजूंनी दगडांच्या रांगा वर जाताना आत झुकत येतात, मधल्या पोकळीत बारीक दगड भरतात, ठरावीक उंचीवर आरपार जाणारे लांब दगड बसवतात आणि वर उभ्या दगडांची टोपी. शेजारच्या मेंढपाळाची भिंत हिवाळ्यात एका जागी ढासळली होती. तो ती रचत होता, बाबा बघत होते, आणि थोड्या वेळाने बाबाही रचत होते. इंग्रजी त्यांना बेताचंच, आणि त्या गृहस्थाचं इंग्रजी मलाही पुरतं कळायचं नाही. त्याचा नियम एकच: उचललेला दगड खाली ठेवायचा नाही, त्याची जागा शोधायचीच. बाबांचा आक्षेपही एकच: मधली भर नुसती ओतायची नाही, हाताने बसवायची, नाहीतर भिंतीला पोट सुटतं. हे त्याला खुणेने पटवलं. दुपारपर्यंत खिंडार बुजलं. काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या नाकाड्याच्या मेंढ्या पलीकडून बघत होत्या. मजुरी म्हणून अंडी मिळाली. घरी येऊन बाबा म्हणाले, "माणूस बरा आहे, पण जरा घाई करतो."

(ही भिंत अजून उभी आहे का, हे कुणी तिकडे गेलं तर कळवा. पैज लागली आहे.)

सेटलच्या वरच्या अंगाला, २००१

मी गावच्या प्राथमिक शाळेत मदतनीस होते. फेब्रुवारीत देशात लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा रोग आला. पायवाटा बंद, प्रत्येक शेताच्या फाटकाशी जंतुनाशकात भिजवलेला पेंढा, टपाल गल्लीच्या तोंडाशीच ठेवायचं. शेतकऱ्यांची काही मुलं शाळा बुडू नये म्हणून मावशी-आत्याकडे राहायला गेली; आई-बापांशी बोलणं फक्त फोनवर. ३ मेची निवडणूक ७ जूनला ढकलली. बाकी देशाला वाटलं संपलं, तेव्हा मे महिन्यात रोग नेमका आमच्याकडे उपटला. आपल्याकडे लस टोचून जनावर सांभाळतात. इथे रोग नसलेले शेजारचे कळपही मारले. देशभरात ६० लाखांहून जास्त जनावरं गेली.

भरपाई मिळाली, हे खरं. पण इथल्या डोंगरावर कुंपण नसतं. आपली हद्द कुठली हे कोकरू आईमागे फिरून शिकतं, पिढ्यान्‌पिढ्या. कळपच मारला की नव्या विकत आणलेल्या मेंढ्यांना ते शिकवायला कोण? ही किंमत कुठल्या चेकमध्ये लिहिणार?

हेब्डन ब्रिज, २०१५

२६ डिसेंबरला सकाळी भोंगा वाजला, युद्धाच्या सिनेमात वाजतो तसला. आम्ही दुकानाच्या वर भाड्याने राहायचो. खाली उतरेपर्यंत काल्डर नदी रस्त्यावर आलेली, आणि फ्रीज दुकानातल्या दुकानात तरंगत होता. पाणी ओसरल्यावर राहिला चिकट, डिझेलच्या वासाचा चिखल. तो उपसायला लांबलांबून माणसं आली. खालसा एडचे शीख स्वयंसेवक तर खोऱ्यात गरम जेवण वाटत होते. विमा कंपनीचं नाव घेत नाही, तिने तोंडाला फेस आणला. आता बऱ्याच दुकानांत विजेची बटणं कमरेच्या वर आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये पाणी पुन्हा आलंच.

वेकफिल्डजवळ, सध्या

कुणी रुबार्बबद्दल, म्हणजे इथल्या आंबट देठांच्या भाजीबद्दल, लिहिलंच नाही! वेकफिल्ड ते लीड्स या पट्ट्यात त्याची रोपं दोन वर्षं शेतात वाढवतात, थंडी खाऊ देतात आणि मग मिट्ट काळोखाच्या उबदार शेडमध्ये आणून लावतात. उजेड नाही म्हणून देठ गुलाबी, कोवळे निघतात. खुडायचे मेणबत्तीच्या उजेडात. शेडमध्ये गप्प उभं राहिलं तर कोंब फुटताना टकटक ऐकू येतं, खरंच. इंग्रज त्यावर साखर आणि कस्टर्ड ओततात. मी मेथांबा करते: मोहरी-मेथीची फोडणी, तिखट, देठाचे तुकडे, वाफ आली की गूळ. कैरीपेक्षा लवकर गळतो, तेव्हा ढवळू नका. पानं मात्र टाकून द्या, विषारी असतात.