शब्दचर्चा: जेल ‘गोठतं’ की ‘धरतं’?

प्रश्न
पेशीसंवर्धनाच्या एका कृतिपत्रिकेच्या मराठी मसुद्यात ‘मिश्रण गोठेपर्यंत थांबा’ असं वाक्य आहे. चालेल का? विषय संश्लेषित हायड्रोजेलचा (पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या जाळ्याचा) आहे: चार भुजांचं पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे पॉलिमर, प्रत्येक भुजेच्या टोकाला मॅलेइमाइड हा जोडणारा रासायनिक गट, आणि पेशी आतच मिसळून त्रिमितीय संवर्धन. क्रॉसलिंकर, स्टिफनेस आणि स्वेलिंग यांनाही शब्द सुचवा.

प्रतिसाद १
‘गोठणे’ नको. पाणी गोठतं, तूप थिजतं, बासुंदी आळते, रक्त साकळतं, दही लागतं. मराठीत यातल्या प्रत्येक क्रियापदात घट्ट होण्याचं कारणही येतं. गोठणे म्हटलं की गारवा आला, आणि ऊब दिली की पुन्हा पातळ होणार हेही आलं. वाचणारा विद्यार्थी नळी बर्फात खुपसून वाट बघत बसेल. इथे क्रॉसलिंकरच्या टोकाचा थायॉल (गंधक-हायड्रोजन गट) आणि भुजेवरचं मॅलेइमाइड यांचा रासायनिक बंध होतो. ३७ अंशांच्या उबेने तो सुटत नाही, आणि बर्फावर तर तो सावकाश जुळतो.

मॅट्रिजेलला ‘गोठणे’ लावलं तर अर्थ साफ उलटा होतो. उंदराच्या अर्बुदापासून काढलेला तो पदार्थ ४ अंशांना पातळ असतो आणि ३७ अंशांना घट्ट होतो.

घरातली जोडी घ्या. चायना ग्रास तापवलं की वितळतं, निवलं की पुन्हा बसतं. खरवस एकदा वाफवला की त्याचा परत चीक होत नाही. हे जेल खरवसाच्या जातीचं. म्हणून ‘जेल धरणे’, किंवा बोलण्यात रुळलेलं ‘जेल सेट होणे’.

प्रतिसाद २
‘धरणे’ उत्तम. क्रॉसलिंकरला ‘सांधक’ म्हणा. साखळ्या सांधणारा तो सांधक, हे ऐकताक्षणी कळतं. ‘तिर्यक्‌बंधकारक’ असले शब्द कागदावरच राहतात.

सांधकाचं गणित मात्र कृतीत हवंच. पॉलिमरचा रेणुभार २०,००० डाल्टन आणि प्रमाण ५ टक्के, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. म्हणजे २.५ मिलिमोलर रेणू. गुणिले चार भुजा, म्हणजे १० मिलिमोलर मॅलेइमाइड. पेशींना पकड मिळावी म्हणून १ मिलिमोलर आरजीडी पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) जोडलं की उरले ९. सांधकाला थायॉलची दोन टोकं, म्हणून तो ४.५ मिलिमोलर. कुणी आरजीडी दुप्पट केलं आणि सांधक तितकाच ठेवला, तर मॅलेइमाइड ८ आणि थायॉल ९ अशी गत होते. काही सांधकांचं एक टोक लोंबकळत राहतं आणि जेल मऊ पडतं. जुन्या सांधक पेप्टाइडमधली सिस्टीन (थायॉल असलेली अमिनो आम्लं) आपापसांत जुळून बसली असतील, तरीही मऊच. एलमन अभिकारकाने मोकळे थायॉल मोजून मगच वजन ठरवावं.

प्रतिसाद ३
क्रमही लिहा: आधी पॉलिमर आणि आरजीडी, मग पेशी, सांधक सगळ्यात शेवटी. आणि ‘गुठळ्या’ हा शब्द जरूर वापरा, कारण इथली मुख्य तक्रार तीच. ७.४ पीएचला ही अभिक्रिया इतकी झटपट होते की पिपेटने ढवळून व्हायच्या आत जेल धरतं. पिठल्यात पीठ एकदम टाकल्यासारखं होतं: थेंबात काचेसारखे बारीक दाणे, मध्ये पातळ पाणी, पेशी एका कडेला गोळा. पीएच १ अंकाने उतरवला की अभिक्रिया करणारं थायोलेट (थायॉलचं हायड्रोजन आयन गमावलेलं रूप) साधारण दहापट कमी होतं आणि मिसळायला उसंत मिळते. पेशींना मात्र त्या आम्लात थोडाच वेळ ठेवायचं. जेल धरल्याबरोबर पेशींचं पोषक माध्यम घाला. नाहीतर मॅलेइमाइडऐवजी व्हिनाइल सल्फोन टोकं घ्या, ती संथ आहेत.

प्रतिसाद १
स्टिफनेसला ‘काठिण्य’ नको. काठिण्य म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध, हिऱ्याचं असतं ते. इथे ‘ताठरता’. आकड्याबरोबर कोणता गुणांक तेही लिहा. ऱ्हिओमीटर हे यंत्र कर्तन गुणांक (थर एकमेकांवर सरकवताना होणारा विरोध) देतो. यंगचा गुणांक (ताणताना किंवा दाबताना होणारा विरोध) अशा जेलमध्ये साधारण त्याच्या तिप्पट. नुसतं ‘ताठरता ३ किलोपास्कल’ लिहिलं तर दुसऱ्या प्रयोगशाळेत तिपटीची चूक घडते.

प्रतिसाद २
स्वेलिंगला ‘सूज’ नको, वैद्यकात तिचा अर्थ वेगळा. सब्जा पाण्यात फुगतो, तसं जेल ‘फुगतं’. फुगलेलं वजन भागिले कोरडं वजन म्हणजे ‘फुगण्याचं गुणोत्तर’. रात्रभर माध्यमात राहिल्यावर जाळं ताणतं, साखळ्या विरळ होतात आणि ताठरता उतरते. म्हणून मोजमाप २४ तासांनंतरचं द्यावं, ताज्या जेलचं नाही. पेशी त्या फुगलेल्या जेलमध्येच राहतात.

प्रश्नकर्ती
आणि स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना आधार देणारी रचना? मसुद्यात ‘सांगाडा’ आहे.

प्रतिसाद ३
सांगाडा कायमचा असतो. बांधकामावरची परांची काम झालं की उतरवतात. २००३ मध्ये लुटॉल्फ, हबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलेल्या जेलमध्ये सांधक पेप्टाइडच असं निवडलं होतं की पेशी आपल्या एमएमपी विकरांनी (प्रथिनं कापणाऱ्या) ते कापत पुढे सरकतील. अशा जेलला ‘परांची’ जास्त शोभतं. सांधक कापला जाणारा नसेल तर पेशी जागच्या जागी गोल अडकून राहतात. तिथे परांचीही नको आणि सांगाडाही नको, सरळ ‘जाळं’ लिहा.

प्रतिसाद १
आणि ‘पेशी’ तशीच ठेवा. हिंदी मसुद्यावरून कुणी ‘कोशिका’ आणतात, आणि हिंदी वाचकाला आपली ‘पेशी’ स्नायू वाटते. दोन्ही भाषांत पत्रिका निघणार असेल तर या एका शब्दाची तळटीप हवी.