मदत हवी आहे: ६४ थ्रेडला मायएसक्यूएल बसतं, निम्मा सीपीयू कर्नलच खातो

यंत्र: दोन सॉकेट, ३२ कोअर, १२८ जीबी रॅम, उबुंटू २२.०४, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) ५.१५. मायएसक्यूएल ८.० (डेटाबेस), बफर पूल (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) ८० जीबी. डेटा सगळा त्यात मावतो. सॉर्ट_बफर_साइझ (क्रम लावायला दिलेली मेमरी) ८ एमबी, कारण ऑर्डर बाय वाल्या क्वेऱ्या मोठ्या आहेत.

१६ कनेक्शनपर्यंत वेग वाढतो, ३२ ला सपाट, ६४ ला १६ पेक्षाही कमी. व्हीएमस्टॅटमध्ये एसवाय (कर्नलमध्ये जाणारा सीपीयू) ४५ टक्क्यांच्या आसपास, डब्ल्यूए (डिस्कची वाट पाहणं) शून्य. पर्फ टॉपमध्ये (सीपीयू कुठल्या फंक्शनमध्ये जातो ते दाखवणारं साधन) वरती आरडब्ल्यूसेम_स्पिन_ऑन_ओनर, ओएसक्यू_लॉक आणि क्लिअर_पेज_ईआरएमएस. नुमा बॅलन्सिंग (मेमरी सॉकेटनुसार हलवणं) बंद करून पाहिलं, फरक नाही. शेड्युलरचा (कोणता थ्रेड कुठल्या कोअरवर चालवायचा ते ठरवणारा) घोळ असेल का?

प्रतिसाद १
शेड्युलर नाही. पहिली दोन नावं म्हणजे थ्रेड एका रीड-राइट सेमाफोरसाठी (एक प्रकारचं कुलूप: वाचणारे अनेक, लिहिणारा एकच) रांगेत फिरताहेत. तिसरं म्हणजे कर्नल मेमरीची नवी पानं शून्याने भरून देतोय. दोन्ही एकत्र दिसली की संशय एममॅप_लॉकवर, म्हणजे प्रोसेसच्या मेमरी नकाशाच्या कुलपावर. मायएसक्यूएलचे सगळे थ्रेड एकाच प्रोसेसमध्ये, म्हणून अ‍ॅड्रेस स्पेस एक आणि तिचं कुलूपही एकच. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस, तिथे हे दुखणं असं दिसत नाही.

पर्फ टॉपवर थांबू नका, कोण बोलावतंय ते काढा. लोड चालू असताना रूटने:

पर्फ रेकॉर्ड -ए -जी -एफ ९९ -- स्लीप ३०
पर्फ रिपोर्ट --नो-चिल्ड्रन

(१०० ऐवजी ९९, म्हणजे टाइमरच्या ठोक्याशी ताल जुळून नमुने फसत नाहीत.) आरडब्ल्यूसेमची ओळ उघडून खाली पाहा. मुनमॅप (मेमरी कर्नलला परत देणं) आहे की पेज फॉल्ट (पानाला पहिल्यांदा हात लागला की कर्नलने ते पुरवणं)? शिवाय /प्रॉक/इंटरप्ट्समधली टीएलबीची (प्रत्येक कोअरमधली मेमरी पत्त्यांची कॅश) ओळ दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. आणि /प्रॉक/<पीआयडी>/एन्व्हायरन (प्रोसेसचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) इथे टाका.

धागाकर्ता
राइटच्या बाजूला मुनमॅप आणि एममॅप (कर्नलकडून मेमरी मागणं), रीडच्या बाजूला पेज फॉल्ट. टीएलबीचे आकडे सगळ्या कोअरवर भराभर चढताहेत. एन्व्हायरनमध्ये एकच वेगळी ओळ: मॅलॉक_एममॅप_थ्रेशोल्ड_=१३१०७२. पण ती तर जीलिबसीची (सी लायब्ररी, मेमरी वाटणारं मॅलॉक तिच्यातलंच) डिफॉल्ट किंमत ना?

प्रतिसाद १
सापडलं की! किंमत डिफॉल्ट, वागणूक नाही. हात न लावता हा उंबरठा (याहून मोठा तुकडा थेट एममॅपने घ्यायचा) १२८ केबीला सुरू होतो आणि एममॅपने घेतलेला मोठा तुकडा पहिल्यांदा सोडला की त्याच्या आकारापर्यंत वर सरकतो, ६४ बिटवर कमाल ३२ एमबी. पुढचे तेवढे तुकडे अरीनातून (मॅलॉकने आधीच घेऊन ठेवलेल्या साठ्यातून) येतात, कर्नलला तसदी नाही. तुम्ही किंमत हाताने दिलीत की हे सरकणंच बंद, मग ती डिफॉल्टएवढी असली तरी.

परिणाम असा, की सॉर्ट बफरचा १२८ केबीवरचा प्रत्येक तुकडा एममॅपने येतो आणि क्वेरी संपताच मुनमॅपने जातो. ८ एमबी म्हणजे ४ केबीची २०४८ पानं, तितके पेज फॉल्ट, प्रत्येकाला कुलूप. वर प्रत्येक मुनमॅपला, हे थ्रेड ज्या कोअरवर चालू आहेत त्यांना टीएलबी पुसायचा निरोप. ६४ थ्रेडनी हे एकदम केलं की झालंच.

सिस्टमसीटीएल एडिट मायएसक्यूएल, ती ओळ काढा, रीस्टार्ट. एन्व्हायरन पुन्हा वाचून ओळ खरंच गेली याची खात्री करा. बऱ्याचदा ती दुसऱ्याच ड्रॉप-इन फाइलमध्ये (सर्व्हिसच्या जादा सेटिंगची फाइल) बसलेली असते.

प्रतिसाद २
एक पुरवणी. ती ओळ कुणीतरी मेमरी फुगू नये म्हणूनच घातली असणार, तेव्हा काढल्यावर आरएसएसवर (प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) लक्ष ठेवा. ३२ कोअरवर अरीनांची मर्यादा डिफॉल्टने २५६ असते. फुगलंच तर मॅलॉक_अरीना_मॅक्स कमी करण्यापेक्षा जेमॅलॉक (मॅलॉकचा पर्याय) एलडी_प्रीलोडने लावून पाहा, कारण अरीना फार कमी केल्या की भांडण कर्नलमधून उठून मॅलॉकच्या कुलपावर येतं.

सॉर्ट_बफर_साइझही सगळ्यांसाठी ८ एमबी कशाला? ग्लोबल २५६ केबी ठेवा, रिपोर्टच्या सेशनपुरतं वाढवा.

धागाकर्ता
कर्नल ६.४ वर गेलो तर हे आपोआप सुटेल का?

प्रतिसाद २
अर्धवट. ६.४ पासून प्रत्येक व्हीएमएला (अ‍ॅड्रेस स्पेसमधला एक सलग भाग) स्वतःचं कुलूप मिळालं, त्यामुळे पेज फॉल्टची रांग बरीच मोकळी होते. मुनमॅपला मात्र राइट लॉक लागतोच, आणि टीएलबीचे निरोपही तसेच. आधी ती ओळ काढा, मग त्याच लोडवर ३० सेकंदांचा पर्फ पुन्हा घेऊन इथे टाका.