आधी कुत्र्याचं पोट, मग आपलं?

सावंतवाडीकर: काल इथेच कुणीतरी लिहिलं, "प्राण्यांची पोटं फाडून सर्जरीला काहीही मिळालं नाही." राहवलं नाही म्हणून लिहितोय. २९ जानेवारी १८८१ ला व्हिएन्नात बिलरोथ या सर्जनने जठराचा कॅन्सरचा भाग काढला आणि बाई वाचली. त्याआधी हेच ऑपरेशन करणाऱ्या पेआं आणि रिडिगियर या सर्जनांचे पेशंट दगावले होते. बिलरोथच्याच सहाय्यकांनी, गुसेनबाउअर आणि विनिवार्टरने, १८७६ मध्ये कुत्र्यांवर दाखवून दिलं होतं की जठराचा तुकडा काढून उरलेलं शिवलं तरी जीव जगू शकतो. पुढे अमेरिकन सर्जन हाल्स्टेडने कुत्र्यांच्या आतड्यावरच सिद्ध केलं की टाका सबम्युकोसात, म्हणजे आतल्या अस्तराखालच्या चिवट थरात, धरला तरच टिकतो. माझ्या वडिलांचं आतडं त्याच टाक्यावर जोडलंय.

मुळाकाठ: "वाचली" काय? चार महिन्यांच्या आत कॅन्सरनेच गेली. आणि १८८३ मध्ये फुटलेल्या गर्भनलिकेचं ऑपरेशन करून बाईला वाचवणारा बर्मिंगहॅमचा लॉसन टेट प्राणिप्रयोगांच्या कट्टर विरोधात होता. तोही अडाणी? २००४ चं बघा. तोंडातून एंडोस्कोप (कॅमेरा लावलेली लवचीक नळी) घालून, जठराला भोक पाडून डुकरांच्या पोटात शिरले. केवढा गाजावाजा! आज तुमच्या तालुक्यात अपेंडिक्स तसं काढतात?

सावंतवाडीकर: बरं, "ऑपरेशनमधून वाचली" म्हणतो. पण ते भोक आधी माणसाच्या जठराला पाडायचं होतं का?

ओटी_सिस्टर: नवीन पद्धत राहू द्या, ती शिकायची कुणावर ते बोला. १९९० मध्ये जे.जे.त डॉ. उदवाडियांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं. मग सगळ्यांनाच दुर्बीण हवी झाली. माझ्या आत्याच्या सर्जनने दोन दिवसांचं शिबिर केलं होतं. पित्ताशयाची समजून मुख्य पित्तनळीच कापली. कावीळ, पोटात पित्त, तीन महिने बाहेर लोंबणारी नळी, मग मुंबईला दुसरं ऑपरेशन. त्याने आधी वीस डुकरं केली असती तर?

मुळाकाठ: १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १७ वाचा. नुसता हात बसावा म्हणून प्राण्यावर प्रयोग चालत नाही. खाटकाकडून पित्ताशयासकट यकृत आणा, बॉक्स ट्रेनरवर, म्हणजे दुर्बिणीच्या सरावाच्या पेटीत, शिका.

ओटी_सिस्टर: मेलेल्या यकृतातून रक्त येत नाही हो. हात थरथरतो तो रक्त उसळल्यावर. तुमच्या घरात नळी कापली गेली असती तर कलमं आठवली नसती.

मुळाकाठ: घरावर येऊ नका. दोन दिवसांत दुर्बीण हातात दिली कुणी, ते विचारा. जाणत्याच्या शेजारी उभं राहून शिकायला वर्ष लागतं, ते कुणाला नको होतं. ती चूक डुकराने का भरायची?

ओटी_सिस्टर: हे खरं आहे. शेजारी कुणीच नव्हतं.

जुना_कर्मचारी: मी कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमध्ये पाणी-खाणं बघायचो. आतडं शिवलेली कुत्री सातव्या दिवशी पुन्हा उघडायची, टाका धरलाय का बघायला. त्या सकाळी त्यांना खायला द्यायचं नसे. मी दार उघडलं की ती शेपूट हलवत भांड्याकडे यायची. सावंतवाडीकर, तुमच्या वडिलांचा टाका टिकला, मनापासून बरं वाटलं. पण "काही मिळालं नाही" म्हणणाऱ्यावर मला तुमच्याइतका राग येत नाही.