वर्षभर कॅरॅव्हॅनने ऑस्ट्रेलिया: वाटेत काम कसं मिळतं, आणि घर कुणाच्या भरवशावर सोडायचं?

पॉइंटकुकवाली

नमस्कार मंडळी. आम्ही नवरा-बायको, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो. मुलगी शिकायला कॅनबेराला गेली. जुलैत नवऱ्याची नोकरी गेली. वीस वर्षं "कधीतरी जाऊ" म्हणत होतो, ते आता जायचं ठरवलंय. जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतली आहे. डिसेंबरात निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने क्वीन्सलँड, मग डार्विन, मग पर्थ, असा बेत आहे.

दोन ठिकाणी गाडी अडते. घराचा हप्ता चालूच राहणार, त्यामुळे अधूनमधून दोन-दोन महिने काम करावं लागेल. मी शाळेच्या ऑफिसात होते, तो गोदामात. शेतातलं काम दोघांनीही केलेलं नाही. आमच्या वयाच्या माणसांना कोण घेतं?

दुसरं, घर. नऊ वर्षांची लॅब्रॅडोर, देवघर, कुंडीतली तुळस, आणि चौथ्या खेपेला जगलेला कढीपत्ता. भाड्याने द्यायचं तर सगळं सामान हलवायला हवं. मैत्रीण म्हणते हाउस सिटर ठेव, म्हणजे आपण नसताना घरात राहून ते सांभाळणारं कुणीतरी. सासूबाई पुण्याहून रोज विचारतात, "परक्याच्या हातात किल्ली देणार?" खरं सांगते, मलाही तीच धास्ती आहे.

लातूरची लेक

ताई, आम्ही चौदा महिने फिरून आलो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक विनंती. डिसेंबरात उत्तरेकडे निघू नका. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे पावसाळा असतो, नद्या रस्त्यांवरून वाहतात, चक्रीवादळांचेही तेच दिवस. उन्हाळा दक्षिणेत काढा आणि ईस्टरनंतर वर सरका. मधल्या काळात पहिलं काम घरापासून चार तासांच्या आतलं धरा. असं का, ते पुढे सांगते.

आमचं पहिलं काम व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला विमेरा भागात होतं, हॉर्शमच्या पुढे, धान्य साठवणाऱ्या एका कंपनीच्या केंद्रावर. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे गहू, बार्ली, मसूर यांची कापणी होते आणि ट्रकच्या रांगा लागतात. मी सॅम्पलिंगला, नवरा वजनकाट्यावर. ट्रक आला की लांब नळी धान्यात खुपसून नमुना ओढायचा, चाळायचा, यंत्रात घालायचा. गव्हात १२.५ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल घ्यायचा नाही. १३ टक्के प्रोटीन भरलं तर वरची प्रत, तेवढं नाही भरलं तर खालची आणि भावही कमी. माझे वडील लातूरजवळ गहू दाताखाली फोडून ओलावा सांगायचे. तिथले शेतकरीही रांगेत उभ्या उभ्या तेच करत होते. पहिल्या दिवशी ते बघून मला गलबलून आलं. एखाद्याचा ट्रक परत पाठवताना आवाज मऊ ठेवायचा हे मी तिथे शिकले, कारण समोरच्याची वर्षाची मेहनत त्या ट्रकमध्ये असते.

वयाची काळजी करू नका. आमच्या पाळीत निम्मे लोक साठीच्या आसपासचे होते. शिकवतात सगळं. कागद नीट लिहिणारी, वेळेवर येणारी माणसं त्यांना हवी असतात आणि तुम्ही ऑफिसात आयुष्य काढलंय. मात्र दारू-ड्रग्जची तपासणी होते, दहा-बारा तास धुळीत उभं राहावं लागतं, आणि पाऊस पडला किंवा आगीच्या धोक्यामुळे कापणी थांबली की त्या दिवसाचे तास बुडतात. आमचे पहिल्या पंधरवड्यात चार दिवस असेच गेले. हिशेब करताना हे धरा. भरती हिवाळा सरतानाच सुरू होते, म्हणून अर्ज याच आठवड्यात करा.

आता घर. सिटर शोधून देणाऱ्या वेबसाइट आहेत, तिथे घरमालक आणि सिटर एकमेकांना निवडतात. साधारणपणे कुणी कुणाला पैसे देत नाही. ते राहतात, तुमचं कुत्रं आणि झाडं सांभाळतात. लॅब्रॅडोर ही अडचण समजू नका, तिच्यासाठीच लोक अर्ज करतील. शिवाय नॅशनल पार्कांत बहुतेक ठिकाणी कुत्र्याला नेता येत नाही, तेव्हा ती घरीच सुखात राहील.

आमची पहिली निवड चुकली. तरुण जोडपं, व्हिडिओ कॉलवर फार गोड बोलले. पाचव्या आठवड्यात मेसेज आला, सिडनीत नोकरी लागली, परवा निघतोय. मी सॅम्पलिंगच्या मचाणावर होते. पाळी संपवून रात्री साडेतीन तास गाडी चालवत घरी आले. आमचा कुत्रा शेजारच्या ग्रीक आजींकडे होता, त्यांनी उकडलेलं चिकन घालून त्याला झोपवलं होतं. हाच मेसेज मी दूर उत्तरेत, कुनुनुराला असताना आला असता तर? म्हणून म्हणते, पहिलं काम जवळचं घ्या. त्या दोन महिन्यांत सिटरची परीक्षा होते, आणि हाकेच्या अंतरावर आपण असतो.

दुसऱ्या वेळी निवृत्त जोडपं निवडलं. त्यांचं स्वतःचं घर बांधून होत होतं आणि नातवंडं आमच्यापासून दहा मिनिटांवर. त्या गावात राहण्याचं स्वतःचं कारण असलेली माणसं टिकतात. निघण्याआधी तीन रात्री त्यांना आमच्यासोबतच राहायला बोलावलं. एकत्र जेवलो, कचऱ्याचा दिवस कुठला, गॅस कुठे बंद होतो, कुत्रा वीज कडाडली की कुठे लपतो, सगळं दाखवलं. परकेपणा जेवणाच्या टेबलावर गेला. देवघराची खोली बंद ठेवा म्हणणार होते, पण त्या बाईंनीच विचारलं, इथे रोज काय करता? मी म्हटलं, दिवा आम्ही परत आल्यावर लावू, तुम्ही फक्त तुळशीला पाणी घाला. चार महिने दर रविवारी तुळशीचा फोटो यायचा. जूनच्या थंडीत त्यांनी कढीपत्त्याची कुंडी उत्तरेच्या भिंतीला उन्हात सरकवली होती. मी सांगायला विसरले होते.

देवगडचा

लेक यांनी गव्हाचं लिहिलं, मी फळांचं लिहितो. मिल्डुरा भागात फेब्रुवारी-मार्चला द्राक्षं, तिथे पॅकिंग शेडमध्ये काम मागा. दिवसभर वाकून तोडणी पन्नाशीनंतर सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे.

डार्विनच्या दक्षिणेला कॅथरिन गाव आहे, तिथे ऑक्टोबरात आंबा असतो. मी आंब्याच्या घरातला, तरी तिथे चिकाने दोन्ही हात कोपरापर्यंत पोळले, पंधरा दिवस जळजळत होते. चाळिशीला टेकलेला पारा आणि वर लांब बाह्यांचा शर्ट. तुम्ही शेडमध्येच राहा.

मजूर ठेकेदारामार्फत काम घ्याल तर सावध. व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड आणि साउथ ऑस्ट्रेलियात त्यांना लायसन्स लागतं, सरकारी यादीत नाव तपासता येतं. मला एकाने काम देण्याआधी "खोलीचं डिपॉझिट" मागितलं, दिलं, खोली मिळालीच नाही. आणि पेटीमागे पैसे ठरले असले तरी एप्रिल २०२२ पासून शेतमालकाला तासाच्या किमान दराखाली जाता येत नाही. तास स्वतःच्या वहीत लिहा.

आकडेमोड

कागदाच्या बाजूने थोडं. १ जुलै २०२५ ला देशाचं किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं, कॅज्युअल (पगारी रजा नसलेलं काम) असाल तर त्यावर २५ टक्के जास्त. सुपर, म्हणजे मालक भरतो तो निवृत्ती निधी, १२ टक्के. सलग दोन ठिकाणी काम केलंत तर १८,२०० डॉलरची करमुक्त मर्यादा एका वेळी एकाच मालकाकडे लावा, नाहीतर वर्षअखेर कर भरावा लागतो.

घराच्या विम्यात रिकाम्या घराचं कलम वाचा. बऱ्याच पॉलिसींत घर सलग ६० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं की संरक्षण कमी होतं. सिटर राहणार हे कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. सिटरकडून भाडं घेऊ नका. भाडं आलं की भाडेकरूचे हक्क आणि वेगळा विमा दोन्ही येतात. विजेच्या बिलाचं काय ते एका पानावर लिहून दोघांनी सह्या करा.

हे सगळं नागरिक आणि पीआरवाल्यांसाठी (कायम राहण्याची परवानगी असलेल्यांसाठी). भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या नातेवाइकांना वाटेत कामाला लावू नका, त्यांना परवानगी नसते.

पॉइंटकुकवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याने दोन धान्य केंद्रांना अर्ज केले, डार्विन मे महिन्यावर ढकललं. सासूबाईंना तुळशीच्या फोटोंचं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "तीन रात्री राहायला येतील तेव्हा मला व्हिडिओवर दाखव."

लेक, एक विचारायचं राहिलं. ते निवृत्त जोडपं आता स्वतःच्या घरात गेलं असेल, पण त्यांच्या ओळखीत असं कुणी आहे का?

लातूरची लेक

विचारते. गणपतीला ते आमच्याकडे जेवायला येणार आहेत, तेव्हा समोरासमोरच बोलते. तोवर लॅब्रॅडोरचं नाव, खाणं आणि औषधं एका कागदावर लिहून ठेवा.