गोचीड ताप फक्त गुरांचा?
भाऊ, वर तुम्ही विचारलंत, 'गोचीड ताप गुरांचा, माणसाला काय होतंय?' आमच्या यावलकडे गायीला ताप येऊन लघवी लाल झाली की आधी गोचिडी बघतात. पण १९५७ साली युगोस्लाव्हियात प्लीहा काढलेल्या एका पशुपालकाला बबेसिया, म्हणजे याच गोचीड तापाच्या परजीवीची लागण, झाला होता. अमेरिकेत तर तो पसरतोय. २०२३ मध्ये मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट ही राज्यंही स्थानिक लागणीच्या यादीत आली. (तिथला परजीवी मुख्यतः उंदरांतला, आपल्या गायींतला वेगळा.) खरी गोम अशी की, सूक्ष्मदर्शकाखाली तो तांबड्या पेशीत मलेरियासारखाच अंगठीगत दिसतो, आणि क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाला दाद देत नाही. म्हणून गोठ्यात वावर असेल, गोचीड चावली असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. ते बिचारे विचारतीलच असं नाही.